थोरलीच्या बांगड्या

मच्छिंद्र पेटी घेऊन आला तेव्हा द्वारकाला वाटलं, आणखी एक हातमशीन आली. वाटण्यासारखंच होतं. लाकडी खोकं, वर घुमटासारखं गोल झाकण, झाकणाला धरायची कडी, बाजूला हँडल बसवायचं भोक. असल्या पेट्या तिने तीस वर्षांत शेकड्याने उघडल्या होत्या. वारज्यात हायवेच्या पुलाअलीकडे तिचं दुकान. पाटीवर ‘सर्व प्रकारच्या शिलाई मशीन दुरुस्त करून मिळतील’ आणि खाली, मागाहून रंगवलेल्या वेगळ्या अक्षरांत, ‘ग्रामोफोनसुद्धा’. या ‘सुद्धा’मध्ये तिची दहा वर्षं गेली होती. नवऱ्यामागून, नागोरावांमागून, परभणीहून पुण्यात आली तेव्हा तिला सुईत दोरा ओवण्यापलीकडे काही येत नव्हतं. शेजारणीची बिघडलेली मशीन उघडून बसली आणि ती परत जुळेपर्यंत जेवली नाही, तेवढीच तिची शाळा. ग्रामोफोनचंही तसंच झालं. शिकवायला कुणी नव्हतं, त्यामुळे चुकलं की रागवायलाही कुणी नव्हतं. ते काम ती स्वतःच करायची.

मच्छिंद्र साठी ओलांडलेला, जुन्या गावठाणातला. त्याच्या मळ्यावर आता तीन टॉवर उभे होते. राहिलेला गोठा पार्किंगसाठी पाडताना माळ्यावर कडब्याखाली ही पेटी निघाली म्हणाला.

“पणज्याची शिलाई मशीन हाय, ताई. चालू करून द्या. रविवारी सारी भावकी जेवायला हाय, दाखवीन म्हणतो.”

आपल्या घरात या पेटीला कुणी हात लावत नव्हतं, असंही तो बोलता बोलता म्हणाला. का, ते सांगितलं नाही. द्वारकाने विचारलंही नाही. गिऱ्हाइकाच्या पेटीची गोष्ट विचारली की चहा मागवावा लागतो, आणि चहा मागवला की दुपार जाते.

तिने कुलपाचा गंज सोडवून झाकण उचललं आणि उचललेलंच धरून उभी राहिली.

आत सुई नव्हती. सुई असायच्या जागी निमुळतं, चकचकीत लोखंडी लाटणं आडवं बसवलेलं होतं. त्याच्या मागे तितकाच लांब स्क्रू, त्याचे आटे इतके बारीक की नखाला लागावेत पण डोळ्याला मोजता येऊ नयेत. त्या आट्यांवरून सरकणारा एक हात, हाताच्या टोकाला गोल कडं, कड्यात बसवलेली रुपयाएवढी धातूची डबी. पट्टीवर इंग्रजी अक्षरं आणि ओळीने तारखा, सगळ्या एकोणीसशेच्या आगेमागे. द्वारकाने हे फक्त चित्रांत पाहिलं होतं. तबकड्यांच्या आधी येऊन गेलेलं हे यंत्र. पुण्यात कुणाच्या माळ्यावर असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

“ही शिलाईची नाही, आबा,” ती म्हणाली. “ही बोलायची मशीन आहे.”

मच्छिंद्रने तिच्याकडे असं पाहिलं, जणू बाईला उन्हाचा त्रास झाला असावा. मग तिने पेटीच्या कोपऱ्यातली लाकडी खुंटी दाखवली. खुंटीवर चिंधीत गुंडाळलेलं काहीतरी उभं होतं. चिंधी सोडली तर पोकळ, तपकिरी, मेणाचं नळकांडं निघालं, लहानशा पेल्याएवढं. वर पांढरी बुरशी. एका कडेला बोटभर तडा. उजेडात तिरपं धरलं तर अंगभर रेघा दिसत होत्या, केसाहून बारीक.

“यात आवाज असेल,” द्वारका म्हणाली.

“कुणाचा?”

“वाजल्यावर कळेल.”

रविवारपर्यंत वाजवा म्हणाला आणि गेला. तो सोमवार होता.

तीन दिवस द्वारकाने दुसऱ्या कामाला हात लावला नाही. स्प्रिंगच्या डब्यातलं ग्रीस दगडासारखं झालं होतं. ते रॉकेलमध्ये भिजवून, खरवडून काढलं. चामड्याचा पट्टा हातात घेताच बिस्किटासारखा मोडला. तिने जुन्या पर्सच्या चामड्याची पट्टी कापून, कडा तासून नवीन केला. वेग धरून ठेवणारे तीन छोटे गोळे असतात, त्यातल्या एकाची पट्टी तुटली होती. मशीनच्या जुन्या स्प्रिंगमधून कापून बसवली. गुरुवारी दुपारी चावी दिली तर सगळं यंत्र एखाद्या म्हाताऱ्याने घसा साफ करून उठावं तसं फिरायला लागलं. द्वारका एकटीच होती, तरी तिने इकडेतिकडे पाहिलं. असं काही जमलं की कुणीतरी बघावं असं वाटतंच.

आणि मग तिच्या हातांनी ती गोष्ट केली.

शिलाई मशीन रिकामी चालवायची नसते. खाली कापड नसताना पाय टाकून पळवली की दाते कापड दाबणाऱ्या पट्टीला घासतात, दोन्ही खराब होतात. म्हणून दुरुस्ती झाली की आधी कापड घालायचं, मग चाक फिरवायचं. शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलीला ती पहिल्या दिवशी हेच सांगायची. तीस वर्षांत ते डोक्यातून उतरून हातात मुरलं होतं. यंत्र नीट फिरतंय म्हटल्यावर हातांनी मेणाचं नळकांडं उचललं, लाटण्यावर सरकवलं आणि डबीचा हात त्यावर अलगद टेकवला.

आवाज आला नाही. डबीच्या खालून एक तार वर आली. पेन्सिल तासताना निघते तशी, पण केसाइतकी बारीक, तपकिरी, वेटोळं घेत वर येणारी. द्वारका ती क्षणभर कौतुकाने बघत राहिली. किती सुरेख निघतेय, असंसुद्धा तिच्या मनात आलं. मग लक्षात आलं की बोलायच्या मशीनमधून आवाज निघायला हवा, भुसा नव्हे.

तिने हात उचलला. पंधरा-वीस फेरे झाले होते. नळकांड्याच्या सुरुवातीला अर्ध्या करंगळीच्या नखाएवढी पट्टी आरशासारखी चकचकीत झाली होती. एकही रेघ नाही.

ती मेणाची तार तिने कागदाच्या पुडीत बांधली. का बांधली ते तिलाही सांगता आलं नसतं. परत चिकटवता येण्यातली ती गोष्ट नव्हती.

शुक्रवारी सकाळी ती मोबाइलमध्ये फोटो घेऊन सदाशिव पेठेत यज्ञेश्वरांकडे गेली. बँकेतून निवृत्त झालेले हे गृहस्थ जुने बाजे जमवायचे, आणि ग्रामोफोनच्या सुया मागायला ती दोन-तीनदा त्यांच्याकडे गेलेली होती. बसा म्हणाले नाहीत, पण खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलली. फोटो मोठा करून, भिंग लावून पाहिला. मग भिंग पुसून खिशात ठेवलं.

“ही वाजवायची डबी नव्हे,” ते म्हणाले. “ही आवाज भरायची. हिला पातं असतं. वाजवायच्या डबीला खाली लोंबतं वजन असतं आणि गोल टोक. दोन्ही एकाच कड्यात बसतात, त्यामुळे न विचारता बसवणाऱ्यांची गैरसोय होत नाही.”

द्वारकाने मोबाइलवरचा फोटो बंद केला.

“अहो द्वारकाबाई, आपण पाटी वाचायची सोडून पाटी पुसलीत.”

हे ते चढ्या आवाजात म्हणाले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते साध्या सुरात म्हणाले आणि चहा ठेवायला आत गेले. चहा पिताना त्यांनी बाकीचं सांगितलं. पातं यंत्रावर बसलेलं मिळालं, याचा अर्थ शेवटचं काम भरण्याचं झालं होतं. म्हणजे ही विकतची बांगडी नाही, घरी भरलेली आहे. दुसरी प्रत जगात नाही.

“बांगडी?”

“मग काय म्हणणार? आमचे आजोबा बांगडीच म्हणत. बांगड्यांचा बाजा. कॅम्पात साहेबलोकांकडे असायचे, तिथली गडीमाणसंही तेच म्हणायची. शब्द गेला, बाजे गेले.” मग कप खाली ठेवून, “भरताना सुरुवातीला नाव सांगायची पद्धत असे. कोण गातंय, कुठे, कुठल्या दिवशी. तेवढंच आपण तासलंत.”

जाताना त्यांनी स्वतःच्या यंत्राची वाजवायची डबी काडेपेटीत कापूस घालून दिली. अट एकच. हे मेण मऊ असतं, टोक फिरलं की रेघ झिजते. पहिल्यांदा जे येईल ते येईल, दुसऱ्यांदा निम्मं, तिसऱ्यांदा नुसती खरखर. तेव्हा एकदाच. आणि माझ्या डबीचं वजन या मेणाला जड आहे, ते कसं हलकं करायचं ते तुम्ही बघा, तुमचे हात चांगले आहेत म्हणाले. एवढं झाल्यावरही चांगले म्हणाले. बसमध्ये द्वारकाला तेच जास्त टोचत राहिलं.

दुकान उघडून ती बसते न बसते तोच समोर रिक्षा थांबली. रिक्षातून एक म्हातारी उतरली. नव्वदीला टेकलेली, इरकली लुगडं, हातात काठी, पण काठीवर भार नाही. काठी बहुधा लोकांना बाजूला करायला होती. तिने आपण शिवणे गावची मथुराबाई म्हणून सांगितलं, आणि डावा कान चालत नाही, उजव्या बाजूने बोल, असंही.

“मच्छिंद्राच्या माळ्यावरची पेटी तुझ्याकडं आलीय म्हणं. काय निघालं तिच्यात?”

गिऱ्हाइकाची वस्तू दुसऱ्याला दाखवायची नाही हा द्वारकाचा नियम होता. पण सकाळपासूनचा तो शब्द जिभेवर ताजा होता, आणि ती सहजच बोलली.

“एक बांगडी निघाली, आजी.”

मथुराबाई खाली बसली. स्टूल होतं म्हणून स्टुलावर, नसतं तर जमिनीवर बसली असती.

“एकच?” ती म्हणाली. आणि काठी मांडीवर घेत, “सोन्याची?”

“मेणाची.”

त्यानंतर द्वारकाने चहा मागवला, आणि दुपार गेली.

मथुराबाईचा आजा कॅम्पात एका साहेबाच्या बंगल्यावर माळी होता. त्याला दोन मुलगे. थोरला फौजेत, धाकटा वारज्यात मळ्यावर. थोरली सून लेकराला घेऊन वर्षभर बंगल्यामागच्या खोलीत सासऱ्याला रांधून घालायला राहिली होती. पुढे ती तापाने गेली, लेकरू दोन वर्षांचं असताना. साहेबही विलायतेला गेला, आणि आजा ही पेटी घेऊन वारज्याला परतला. कुणाला उघडून दाखवली नाही. कुलूप लावून ठेवून दिली. त्यानंतर धाकट्याचं लग्न झालं. धाकटी म्हणजे मथुराबाईची आई, ठकूबाई. म्हातारपणी सासऱ्याचं सगळं तीच करायची, म्हणून पेटीची किल्ली तिच्या कनवटीला.

मरताना आज्याला नीट बोलता येत नव्हतं. घरची माणसं भोवती बसलेली. त्यांना त्याचे शब्द ऐकू आले ते एवढेच, पेटीतल्या थोरलीच्या बांगड्या सांभाळा.

तेराव्यानंतर पेटी उघडली. आत कसलंसं लोखंड आणि एक मेणाची कांडी. बांगड्या नाहीत.

“थोरलीच्या अंगावरचं सोनं आज्यानं तिच्या पोरासाठी ठेवलं असणार, असं साऱ्यांनी धरलं. आन् किल्ली माझ्या आईपाशी,” मथुराबाई म्हणाली. “आईविना पोराच्या बांगड्या खाल्ल्या म्हणून तिला घराबाहेर काढलं. मी दोन वर्साची होते. नाव ठकू, त्याचं ठकी केलं. ठकी चोरटी. मामाच्या दारात मेली. मरेस्तोवर एकच म्हणायची, म्या बघितल्याबी न्हाईत.”

ते आईविना पोर म्हणजे धोंडिबा, मच्छिंद्रचा बाप. दोन्ही घरांत दोन मैलांचं अंतर आणि ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत एकमेकांच्या मयतालासुद्धा जाणं नाही. पेटी निघाल्याचं कळलं तशी मथुराबाई आली होती. पेटीचा तळ उचकट, असं सांगायला. खाचेत कुठे अडकल्या असतील तर.

द्वारकाच्या आता लक्षात आलं. बांगडी सोन्याची नव्हतीच. कॅम्पातल्या गडीमाणसांत राहिलेल्या म्हाताऱ्याने तिथलाच शब्द उचलला होता, आणि वारज्यात तो शब्द कुणाला ठाऊक नव्हता. थोरलीच्या बांगड्या म्हणजे थोरलीने घातलेल्या नव्हेत. थोरलीचा आवाज भरलेल्या. एकीच्या अनेक झाल्या त्या बहुधा ऐकणाऱ्यांच्या कानात. आणि हे सिद्ध करायला जे नाव सुरुवातीला असणार, ते ड्रॉवरमध्ये कागदाच्या पुडीत तार होऊन पडलं होतं.

तिने बांगडीचा अर्थ म्हातारीला सांगितला. पुडीचं नाही सांगितलं. उद्या सकाळी दोघं असताना सांगेन, म्हणून स्वतःला वायदा दिला. हा वायदा म्हणजे भित्रेपणाच आहे, हे तिला समजत होतं.

शनिवारी दहाला मच्छिंद्र आला. मथुराबाई आधीपासून स्टुलावर होती. त्याने तिला ओळखलं, पण हाक मारली नाही. द्वारकाकडेच बघून विचारलं, ह्या इथं काय करतात.

द्वारकाने सगळं सांगितलं. आधी बांगडीचं, आणि लगेच, थांबली असती तर परत धीर झाला नसता म्हणून, पातं लावल्याचं. पुडी उघडून टेबलावर ठेवली. सुरुवातीचं नाव गेलं, माझ्या हातून गेलं, म्हणाली.

मथुराबाई पुडीकडे बघत राहिली. मच्छिंद्र बोलला.

“मेणाच्या कांडीला बांगडी कोण म्हणतंय?”

“सदाशिव पेठेतले एक जण म्हणतात.”

“सदाशिव पेठेत काय बी म्हणतात.”

मग त्याचा आवाज वाढत गेला. माझा बाप आईविना वाढला, म्हणाला. आईची एक वस्तू राहिली नाही, ती ठकीनं खाल्ली, हे बोलत बोलत मेला. आता तुम्ही दोघी बायका बसून नवा अर्थ काढणार, आणि त्यात नावबी तुम्हीच पुसलेलं. म्हणजे आता काहीही म्हणता येईल. पेटी बांधा, मी नेतो. रविवारी काही दाखवायचं नाही.

त्याने झाकणाला हात घातला. मथुराबाईने काठी आडवी केली. जोरात नाही, नुसती पेटीवर ठेवली, उंबऱ्यासारखी.

“तुझ्या बापाची आई बोलंल त्यात,” ती म्हणाली. “माझी न्हाई. माझी तवा घरात आलीबी नव्हती. तुला ऐकायचं न्हाई का?”

मच्छिंद्रने झाकणावरचा हात काढला.

“एकदा वाजवा,” तो शेवटी द्वारकाला म्हणाला. “नाव निघालं न्हाय तर विषय बंद. कायमचा.”

द्वारकाने शटर अर्धं खाली ओढलं, धूळ येऊ नये म्हणून. पंखा बंद केला. बुरशी तिने आदल्या संध्याकाळी मऊ ब्रशने झटकली होती, पुसली नव्हती. डबीला दुकानातल्या ग्रामोफोनचा भोंगा जोडला होता आणि तिचं वजनही हलकं केलं होतं. शिलाई मशीनला धाग्याचा ताण सांभाळणारी केसासारखी स्प्रिंग असते, ती डबीच्या वजनाला वरून बांधली होती. वजन टेकल्यासारखं टेकत होतं, पण दाबत नव्हतं. निदान साबणाच्या वडीवर करून पाहिलं तेव्हा तरी.

मच्छिंद्रचा मोबाइल भोंग्यासमोर रेकॉर्डिंगला लावला. मध्येच फोन येऊ नये म्हणून त्याने तो सगळ्या जगापासून तोडला आणि दोन मिनिटं मी मेलो असं समजा, म्हणाला. कुणी हसलं नाही.

दोन बोटं आत घालून, बाहेरून स्पर्श न करता, द्वारकाने बांगडी लाटण्यावर सरकवली. तड्याची बाजू शेवटाला येत होती. म्हणजे तिथपर्यंत पोचण्याआधी फुटणार नाही, आणि फुटली तर शेवट जाईल. सुरुवात तिने घालवलीच होती.

चावी सोडली. फिरू दिलं. हात टेकवला.

चकचकीत पट्टीवरून डबी गेली तेवढा वेळ काहीच नाही. ते सात-आठ सेकंद द्वारकाला आपल्या अंगावरून गेल्यासारखे वाटले. मग खरखर सुरू झाली, कढईत मोहरी टाकावी तशी. खरखरीच्या आतून काहीतरी चिवचिवलं.

“उंदीर हाय का काय,” मच्छिंद्र म्हणाला.

वेग जास्त होता. भरताना यंत्र सावकाश फिरवलेलं असणार. द्वारकाने वेगाचा स्क्रू अर्धा फेरा सैल केला, मग आणखी थोडा. चिवचिव पोराच्या आवाजाएवढी झाली, मग मुलीएवढी. बोटं घामाने सटकत होती. आणखी एक पाव फेरा, आणि भोंग्यात एक बाई उभी राहिली. तरुण, किंचित नाकात गाणारी, लाजल्यामुळे शब्द भरभर संपवणारी. जात्यावर म्हणतात तशी ओवी, पण जात्याची घरघर नव्हती.

*कॅम्पाच्या बंगल्यात फुलं गुलाबाची किती*
*माझ्या वारज्याच्या मळ्याची लई सय देते माती*

मच्छिंद्रने मान वर केली. वारज्याचं नाव ऐकलंय हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. मथुराबाईने उजवा कान भोंग्याकडे वळवला होता, डोळे मिटले होते, आणि तिच्या कपाळावरच्या आठीवरून द्वारकाला उमगलं की तिला नुसती खरखरच ऐकू येतेय.

बुरशीचे डाग आले. आवाज खड्ड्यात जाऊन वर आल्यासारखा दोन-तीनदा बुडाला. दुसरी ओवी अर्धी कळली, अर्धी नाही. द्वारकाचं लक्ष आता आवाजाकडे नव्हतं, तड्याकडे होतं. डबी त्याच्या दिशेने दोऱ्यादोऱ्याने सरकत होती. पहिला टक् आला. दुसऱ्या फेऱ्याला पुन्हा. मग प्रत्येक फेऱ्याला, टक् टक् टक्, शिलाईसारखा. दर ‘टक्’ला मेणाची कड हलताना दिसत होती. डबी उचलली तर बांगडी वाचेल आणि शेवट राहील तसाच, कुणी न ऐकलेला. तिने आपला हात यंत्राच्या वर धरला, बोटभर अंतरावर, आणि तिथेच ठेवला.

भोंग्यात एक लेकरू रडलं.

गाणं तुटलं. बाईचा आवाज भोंग्यापासून दूर गेला, वळून बोलल्यासारखा, “गप रं. गप माझ्या धोंड्या.”

टक्. टक्. लेकरू जास्तच रडलं. आणि अगदी जवळून, भोंग्यात तोंड घातल्यासारखा एका पुरुषाचा आवाज आला. घोगरा, हसरा.

“असू दे, थोरले, रडू दे त्याला. भरली बांगडी.”

पुढे खरखरसुद्धा नव्हती. द्वारकाने हात उचलला. त्याच क्षणी कडेचा नखभर तुकडा निसटून पेटीत पडला. ती यंत्र थांबवायला विसरली होती. लाटणं मेण घेऊन फिरतच राहिलं, मग तिने ब्रेक ओढला.

“काय म्हणाला?” मथुराबाईने विचारलं. “मला खरखर आली नुसती. शेवटाला पुरुष माणूस बोलला. काय म्हणाला?”

द्वारकाला शब्दन्‌शब्द ऐकू आला होता. ओठावर आलेलं तिने गिळलं. ते सांगायचा हक्क तिचा नव्हता. आणि मोबाइल मच्छिंद्रचा होता, तो त्याच्या हातात होता, आणि त्यातला आवाज एक बटण दाबून पुसता आला असता.

मच्छिंद्र मोबाइलकडे बघत होता. रेकॉर्डिंग अजून चालूच होतं, आकडे पुढे सरकत होते. त्याने ते बंद केलं. जपून ठेवलं. ठेवलंय का ते दोनदा पाहिलं.

“माझा बाप रडतोय त्यात,” तो म्हणाला. “लेकरू. तिनं नावानं गप केलं.”

“ते झालं. म्हातारा काय म्हणाला?”

तो खाली बसला. दुसरं स्टूल नव्हतं, म्हणून पायरीवर, तिच्या पायांपाशी. तिचा उजवा कान तिकडे होता.

“भरली बांगडी म्हणाला.”

“कुणाची?”

“थोरलीची.” आणि मग, कुणी न विचारता, “ठकूआजीनं काय घेतलं नव्हतं, आत्या.”

मथुराबाईने मान हलवली, एखादा हिशेब जुळल्यावर हलवतात तशी नव्हे, तर फार वेळ उचलून धरलेलं काही खाली ठेवल्यावर मान मोकळी करतात तशी. डोळे कोरडेच होते. रविवारी किती माणसं आहेत, असं तिने विचारलं. दीडशे, तो म्हणाला. मग जेवणाआधी ऐकव, म्हणाली. जेवल्यावर माणसं ऐकत न्हाईत, सुपारी शोधतात. तो म्हणाला, आधी मी उभा राहून सांगतो आणि मग वाजवतो. ती म्हणाली, नको. आधी तुझ्या आजीला बोलू दे. आपण काय, बोलतोच.

घ्यायला येऊ का, त्याने विचारलं. गाडी असंल तर ये, रिक्षानं कंबर मोडती, असं उत्तर मिळालं.

द्वारका इतका वेळ पेटीतला मेणाचा तुकडा शोधत होती. सापडला तेव्हा तो पुडीत तारेशेजारी ठेवला. मच्छिंद्रने पुडीकडे पाहिलं आणि रागाने नाही, खरंच कळावं म्हणून विचारलं, की सुरुवातीला काय असेल.

“माहीत नाही,” ती म्हणाली. “आता कुणालाच कळायचं नाही. ते मी घालवलं.”

मथुराबाई काठी टेकून उठत होती. उठता उठता तिने एक हात द्वारकाच्या खांद्यावर ठेवला, आधारासाठी, आणि उभी राहिल्यावरही काढला नाही.

“म्हातारा माणूस,” ती म्हणाली. “खाकरला असंल.”